तपासलं लातूरला

महामायाला राग लवकर यायचा, आणि आलेला राग ती वाया जाऊ द्यायची नाही. औशाकडची ही पोरगी नांदेडहून इंजिनिअर होऊन आली आणि लातुरातल्या एका क्लासची कॉम्प्युटर लॅब सांभाळू लागली. भूकंपाला तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती आणि गल्लोगल्ली क्लास निघाले होते. तिच्या क्लासचे मालक शरदचंद्र सर सराव परीक्षा कॉम्प्युटरवर घ्यायला लागले, आणि तिथंच घोडं अडलं. पेपर रंगात आला की मशीन गोठायचं आणि सोडवलेली उत्तरं गडप व्हायची. कंधारच्या शिवकांताचा तर अख्खा पेपर गेला. पोर ढसाढसा रडली.

सगळ्यांचं औषध एकच, बंद करून चालू करा.

"त्यानं दुखणं जात न्हाई सर, नुसतं दबतंय," महामाया म्हणाली.

"रविवारचा पेपर नीट झाला नाही तर लॅबला कुलूप, मॅडम," सर म्हणाले. "मग तुमचंही इथं काही काम उरणार नाही."

मशीनवरची ऑपरेटिंग सिस्टीम फुकटातली, कुणालाही उघडून वाचता येणारी. महामायानं तिचा नेटवर्क ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरचे निरोप तारेवर पोचवणारा प्रोग्राम, ओळीओळीनं वाचला. चोर तिथंच सापडला. प्रत्येक निरोपासाठी तो थोडी मेमरी उसनी घ्यायचा आणि निरोप पोचला की परत करायचा. मध्येच लाइन तुटली तर मात्र परत करायचं राहून जायचं. समाजमंदिरातली भांडी लग्नाला नेतात, लग्न लागलं की घासून आणून देतात, पण लग्नच मोडलं तर भांड्यांची आठवण कुणाला राहते? आणि लातुरात लाइन तुटायला निमित्त लागत नव्हतं. लाइट जायचे, केबल उंदरांनी कुरतडलेली. मेमरी संपेपर्यंत उसनवारी चालायची, मग मशीन गोठायचं.

तिनं दुरुस्ती करून ड्रायव्हर सांभाळणाऱ्या परदेशी मंडळींना पाठवली. उत्तर आलं, आमच्याकडे असं होत नाही, तुमची केबल खराब आहे, बदला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही भाषा तिच्या ओळखीची होती. भूकंपात आई गेली, तेव्हा पत्र्याच्या शेडपुढे उभा राहून एक साहेब तिच्या वडिलांना, रविकांतांना, म्हणाला होता, दगडमातीची घरं बांधल्यावर दुसरं काय होणार. रविकांत मान खाली घालून उभे राहिले होते. ती खाली गेलेली मान महामायाला कधी विसरता आली नाही.

तिनं लिहिलं, "केबल खराब आहे. उद्याही खराबच असेल. म्हणून घेतलेलं परत द्यायचं नाही, हा कुठला न्याय?"

मग कुणाच्या होकाराची वाट न बघता तिनं दुरुस्त ड्रायव्हर सगळ्या मशीनवर चढवला.

रविवारी पेपर चालू असताना लाइट गेले, आले, परत गेले. कॉम्प्युटर बॅटरीवर तग धरून होते, पण तारा जोडणाऱ्या डब्याला बॅटरी नव्हती, त्यामुळे लाइन दर वेळी तुटत होती. सरांचा धीर सुटला. मशीन बंद करून चालू करायला ते पुढे आले, तशी महामाया आडवी उभी राहिली.

"हात लावायचा न्हाई, सर."

सर तिथंच थांबले. पेपर संपला. एकही मशीन गोठलं नव्हतं. शिवकांता उत्तरं पाठवून उठली आणि जाताना नुसती हसली.

पुढच्या आठवड्यात परदेशातून निरोप आला, दुरुस्ती घेतोय, कुठे आणि कशावर तपासली तेवढं कळवा. सर खुशीत म्हणाले, "आपली लॅब एकदम आधुनिक आहे, असं लिहा."

महामायानं लिहिलं, "तपासलं लातूरला. केबल खराब. बदललेली नाही."