ब्रेकचा दिवा

मंगळवारी सकाळी सहा वाजता भाऊ गेला. जळगावजवळ पिंप्राळ्याच्या घरी, पलंगावर. मी शेजारी खुर्चीत बसलो होतो. बायकोने खिडकी उघडली. मी डॉक्टरांना फोन केला.

त्या वेळी मला सगळ्यात आधी जे वाटलं, ते कागदावर उतरवायला मला महिना लागला आहे. मला हायसं वाटलं. दुःख होतंच, अजूनही आहे. पण त्याच्या दोन पावलं पुढे ही सुटका येऊन उभी राहिली होती. माझा थोरला भाऊ भास्कर चौदा वर्षं मोटारींच्या शर्यतीत पगारी ड्रायव्हर होता, आणि तो गाडीत गेला नाही. आजारी पडून, औषधं घेऊन, उशीवर डोकं टेकून गेला. आमच्या मायने आयुष्यभर एवढंच मागितलं होतं.

शर्यतीची मोटार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जमिनीला चिकटलेलं, एका माणसाचं चपटं वाहन येतं. भाऊच्या गाड्या तशा नव्हत्या. रस्त्यावर रोज दिसणारीच मोटार, पण आतली मागची सीट, गालिचा, दारांचं अस्तर सगळं काढून टाकलेलं आणि ड्रायव्हरभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा. अशा वीसेक गाड्या दक्षिणेतल्या बंदिस्त ट्रॅकवर एकमेकींना घासत फेऱ्या मारायच्या. मायला हे कधी पटलं नाही.

"इतकं पयून पोचता कुठी?" ती विचारायची.

"निघालो तिथीच, माय."

"मंग जाता कायले?"

भाऊ हसायचा आणि ताटात आणखी एक भाकरी घ्यायचा.

आम्ही मूळ रावेरकडचे. तिकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. मी शिकलो, कॉलेजात ग्रंथपाल झालो, माझा 'ळ' जागेवर आला. भाऊ देशभर हिंडला तरी त्याचं 'केळी' शेवटपर्यंत 'केयी' राहिलं. मी त्याच्याहून चार वर्षांनी धाकटा, पण तो मला 'मास्तर' म्हणायचा. त्यात थोडी थट्टा होती आणि थोडा अभिमान.

विसाव्या वर्षापासून तो केळीचा ट्रक चालवायचा. तेव्हा घड पानांत गुंडाळून, एकावर एक रचून नेत. केळ्याचं असं आहे की, धक्का बसला तर लगेच काही दिसत नाही. साल हिरवीगार असते. दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग उमटतो, आणि तोवर माल व्यापाऱ्याच्या दारात पोचलेला असतो. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांची गाडी चालवायची एक रीत होती. खड्डा लांबून ओळखायचा, गिअर आधीच उतरवायचा, ब्रेक शक्यतो मारायचाच नाही. भाऊ या रीतीत मुरला होता. "आज दिसत नही, उद्या कायं पडतं," हे त्याचं बोलणं केळ्यांवरून सुरू झालं आणि पुढे सगळ्यालाच लागू झालं. घरात कोणी तोडून बोललं की तो एवढंच म्हणून उठून जायचा.

याच रीतीमुळे त्याचं आयुष्य बदललं. एका सकाळी तो केळी भरलेला ट्रक घेऊन मुंबईकडे कसारा घाट उतरत होता. मागे एक जीप होती. घाटाखाली ट्रक चहाला थांबला, तशी जीपमधून एक जाडजूड गृहस्थ उतरले आणि तावातावाने केबिनपाशी आले. धुळ्यात त्यांचं गॅरेज होतं. सगळे त्यांना नाना म्हणत, आणि ते अहिराणी बोलत; त्यात 'बठ्ठा' म्हणजे सगळा. साध्या मोटारी शर्यतीसाठी तयार करणं हा त्यांचा नाद होता, पण हे भाऊला तेव्हा माहीत नव्हतं.

"काय रे, तुना मांगला दिवा बंद शे का?" नाना म्हणाले. "बठ्ठा घाटमा तीनदाच लागना. कोणी मांगून ठोकी दी ना."

"दिवा बरा आहे. ब्रेकच तीनदा मारला. मांगे केयी आहे."

नानांचा विश्वास बसला नाही. त्यांनी भाऊला ब्रेकवर पाय ठेवायला लावला आणि स्वतः ट्रकच्या मागे जाऊन पाहिलं. दिवा लखलखीत लागला. पुन्हा एकदा दाबायला लावला. पुन्हा लागला. मग त्यांनी दोन चहा सांगितले आणि चहा अर्धा झाल्यावर विचारलं, "शर्यतमा गाडी चालाडशी का?"

पहिल्या शर्यतीला मी नव्हतो. नाना ती हकीगत इतक्यांदा सांगत, की मला ती पाहिल्यासारखी वाटते. बाकीचे ड्रायव्हर वळणावर गाडी फेकत होते. भाऊ ती वळवत होता, जणू मागे पाच टन घड रचलेले आहेत. अर्ध्या शर्यतीपर्यंत तो अकरावा होता आणि नाना कठड्याला धरून "पय ना भो, पय" करत होते. मग ऊन चढलं, पुढच्यांचे टायर गुळगुळीत व्हायला लागले, आणि भाऊ वेग न वाढवता एकेकाच्या पुढे जाऊ लागला. तिसरा आला. नानांनी चारही टायरांवरून हात फिरवला. "बठ्ठासना टायर घासाई गयात," ते मला सांगत, "आनि याना नवाना नवा शेत."

पुढे दक्षिणेतल्या एका संघाने त्याला पगारावर ठेवलं. तो अनेकदा जिंकला, त्याहून अधिक वेळा दुसरा-तिसरा आला. घरची त्याला एकच अट होती, आणि ती मायने घातली होती. शर्यत संपून गाडीतून बाहेर आल्याबरोबर फोन करायचा. कितवा आलो ते सांगायचं नाही. "उतरलो" एवढंच म्हणायचं.

तेव्हा आमच्या घरी फोन नव्हता. पिंप्राळ्यात एक अक्का एसटीडी बूथ चालवायच्या. शर्यतीच्या रविवारी मी दुपारी पुस्तक घेऊन त्यांच्या बाकावर जाऊन बसे.

"मास्तर, पुस्तक संपलं की फोन येतो का फोन आला की पुस्तक संपतं?" अक्का विचारत.

खरं म्हणजे मी त्या बाकावर एकही पान वाचलेलं नाही. उलटत असे. फोन आला की घरी जाऊन मायला सांगायचं, "उतरला." ती मान हलवायची आणि मग जेवायला बसायची. तोवर तिचा उपास असायचा, पण त्याला ती उपास म्हणत नसे. भूक नाही म्हणायची.

एका रविवारी फोन तासभर उशिरा आला. अक्कांनी त्या तासात माझी थट्टा केली नाही, त्यावरून मला कळलं की माझा चेहरा कसा झाला असेल.

"उतरलो," भाऊ म्हणाला.

"इतका उशीर?"

"गाडी उलटी होती, मास्तर. पट्टे सोडायले येळ लागला." मग आवाज बारीक केला. "मायले सांगू नको. आज काही दिसत नही. उद्या कायं पडलं तर पाहू."

दुसऱ्या दिवशी त्याची मान वळेना. पंधरा दिवसांनी तो गळ्याला पट्टा लावून घरी आला आणि मायला म्हणाला, घड उतरवताना लागलं. ट्रक सोडून त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मायने पट्टा काढायला लावला. पिकलं की कच्चं पाहायला केळं दाबतात तसं अंगठ्याने मान दाबली.

"आतून लागलंय," ती म्हणाली. "हे सोडशील कधी?"

मी दारात उभा होतो. भाऊ विचार करून बोलला.

"मी ब्रेक गरज असेल तिथीच मारतो, माय. ज्या दिवशी भेव वाटून मारला, त्या दिवशी सोडीन."

पुढे आठ वर्षं माय दर वेळी त्याला निघताना एकच विचारायची, "मारला का?" तो नाही म्हणायचा. मला वाटायचं, याला भीती वाटावी. सख्ख्या भावाबद्दल असं मनात आणणं बरं नव्हे, पण मी देवापुढे हेच मागत होतो.

मधल्या काळात त्याच्यासाठी स्थळं आली. काम काय करतो, असं पाहुणे विचारत. मी ड्रायव्हर म्हणालो की ते चहा घेत. शर्यतीत म्हणालो की चहा तसाच राही. भाऊ त्यांच्या बाजूचा होता. "बरोबर आहे त्यांचं. मीबी दिली नसती," म्हणायचा. तो माझ्याच घरात राहिला, आणि माझ्या बायकोने त्याचं कधी ओझं मानलं नाही.

मग तो रविवार आला. आम्ही घरी स्वतःचा फोन घेऊन बरीच वर्षं झाली होती. माय माझ्या शेजारी बसून शेंगा फोडत होती. फोन वाजला तेव्हा मी घड्याळ पाहिलं. शर्यत संपायला अजून अर्धा तास होता. मी रिसीव्हर उचलला, पण हातात धरून बसलो. मायने हातातली शेंग खाली ठेवली. मग मी कानाला लावला.

"उतरलो," भाऊ म्हणाला. मागे इंजिनांचा गदारोळ होता.

"हा आवाज कसला?"

"शर्यत चालू आहे."

"आणि तू?"

"चौथ्या वयणाले ब्रेक मारला, मास्तर. काही गरज नव्हती. समोर कोणी नव्हतं. पायाने मले न विचारता मारला. मंग मी गाडी ट्रॅकवरून आत घेतली न बंद केली."

तो तेव्हा दुसरा होता, हे नंतर कळलं. संघाचे लोक त्याच्यावर चिडले. धुळ्याचे नाना तोवर थकले होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "बठ्ठं बरं व्हयनं." मायला मी फोन ठेवता ठेवताच सांगितलं, भाऊने ब्रेक मारला.

"पाय शहाणा निघाला," ती म्हणाली, आणि पुन्हा शेंगा फोडू लागली. त्या दिवशी ती माझ्याआधी जेवली.

पुढची वर्षं भाऊ रावेरला केळीच्या ट्रकवरच्या नव्या ड्रायव्हरांना शिकवायचा. आता केळी खोक्यांतून जातात, पण त्याची परीक्षा जुनीच होती. केबिनमध्ये शेजारी केळ्यांची एक हिरवी फणी ठेवायची आणि ट्रक घाट उतरवून आणायचा. निकाल त्या दिवशी नाही. "भाऊ, पाहा, एक डाग नही," असं कोणी म्हणालं की तो म्हणायचा, "उद्या ये." घाटातून परतला की मायला फोन करायचा, माय गेल्यावर मला. तोच एक शब्द. माय झोपेत गेली, निश्चिंत गेली.

मला त्याने गाडी शिकवली नाही. "तू गाडीत बसून पुस्तक वाचतो, तुले रस्ता काय दिसणार." हे खरं होतं. इतर कोणाच्याही गाडीत वाचलं तर मला मळमळतं. त्याच्या शेजारी बसून मी जळगाव ते धुळे बारीक टायपातलं सूचिपत्र तपासलेलं आहे.

शेवटच्या वेळी दवाखान्यातून त्याला घरी आणलं, तेव्हा रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने प्रत्येक गतिरोधकाला करकचून ब्रेक मारला. भाऊला बोलायला त्रास होत होता. मी कान जवळ नेला. तो म्हणाला, "याच्या गाडीत केयी भरू देऊ नको." त्यानंतर तो नीट असा माझ्याशी बोलला नाही.

स्मशानात नेणारी गाडी त्याचाच एक विद्यार्थी चालवत होता. त्याने ते काम मागून घेतलं होतं. मी मागून शेजाऱ्याच्या स्कूटरवर होतो आणि सगळ्या रस्त्याने त्या गाडीचा मागचा दिवा पाहत होतो. चौकात एक म्हैस आडवी आली तेव्हा तो एकदा लागला. बाकी लागला नाही.

भाऊची मोटार दारात उभी आहे. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आहे. मला चालवता येत नाही. रविवारी दुपारी मी वाचतो, आणि फोन दुसऱ्या खोलीत असतो.