गायब होणारी अक्षरे
टिकेश पटलेने आमगावच्या टायपिंग क्लाससाठी सरावाचा प्रोग्राम लिहिला. पण तिथे शिकवणाऱ्या मंजूबाई भरभर टाइप करू लागल्या की मधलीच अक्षरे गायब होत. टिकेशने तीन कीबोर्ड बदलले. शेवटी वैतागून म्हणाला, "बाई, जरा हळू मारा ना."

"तुहा प्रोग्राम अक्षरं खाऊन राहिला, मी काऊन हळू मारू?"

नवव्या दिवशी चूक सापडली. प्रोग्रामचा एक भाग दाबलेली अक्षरे रांगेत लावत होता आणि दुसरा त्याच क्षणी ती रांग रिकामी करत होता; त्यात नुकतेच आलेले अक्षर पुसले जाई. एका वेळी एकालाच रांगेला हात लावता येईल, असे कुलूप टिकेशने घातले. त्यासाठी कोडच्या चारच ओळी लागल्या.

बाईंचे पान पूर्ण उमटले. स्वतःवरच चिडलेला टिकेश त्यांच्याकडे न बघता काढून ठेवलेल्या कीबोर्डची वायर गुंडाळत राहिला.