शिट्टीसरांविरुद्ध शिट्टीसर

माझा मामा आमच्याच शाळेत क्रीडाशिक्षक आहे, आणि इतकी वर्षं काढूनही त्याला शाळेतल्या एकाही मुलाचं नाव माहीत नव्हतं. नाव विचारणं हे त्याच्या मते कारकुनाचं काम. मामा नाव पाडायचा. नवा मुलगा मैदानावर आला की मामा त्याला एकदा वरून खाली बघणार, तोंडातली शिट्टी हातात घेणार, आणि झालं. उंच तो खांब. मोठ्या कानांचा तो अँटेना. चष्मेवाली ती दुर्बीण. दोन जुळे भाऊ आले, त्यांतला एक मूळ प्रत आणि दुसरा झेरॉक्स. झेरॉक्सच्या आईने पालकसभेत विचारलं, "सर, माझा हाच का झेरॉक्स?" मामा म्हणाला, "बाई, हा पाच मिनिटं उशिरा आला."

घरीही तेच. माझी आई म्हणजे त्याची मोठी बहीण, ती हायकमांड. मी पोपट, कारण मी सगळ्यांचे आवाज काढते. मामाचा काढायला सर्वांत सोपा: ओठांच्या कोपऱ्यात शिट्टी आहे असं समजायचं आणि समोरचा माणूस मैदानाच्या पलीकडे उभा आहे असं धरून बोलायचं. जेवताना तो "मीठ!" म्हणाला की शेजारच्या काकू मीठ घेऊन यायच्या. मुलं त्याला शिट्टीसर म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. स्वतःला आवडतं ते जगाला आवडतं, अशी त्याची पक्की समजूत होती.

पाडलेली नावं चिकटायची. आठवीतल्या एका मुलीचं तसंच झालं. सामने जवळ आले होते, मैदान सपाट करायला रोलरवाला येणार होता, तो आला नाही. मामाने मुलींना पळायला लावलं. ही अंगाने जाड, सगळ्यांत मागे. मामाने शिट्टी हातात घेतली. "रोलरवाला नाही आला तरी बिघडत नाही! हिने दोन चकरा मारल्या की मैदान सपाट!"

सगळं मैदान हसलं. तीही हसली. न हसून सांगते कुणाला?

दुसऱ्या दिवशी ती जिना चढत होती तर मागून कुणीतरी हळूच आवाज काढला: घर्रर्र. मग व्हरांड्यात घर्रर्र. प्रयोगशाळेत घर्रर्र. आठवडाभरात पाचवीची चिल्लीपिल्ली, ज्यांना रोलर म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, तीसुद्धा ती दिसली की गाल फुगवून घर्रर्र करायला लागली. ती घंटा झाल्यावर यायला लागली. मग डबा वर्गातच खायला लागली. मग यायचीच बंद झाली. मामाला यातलं काही माहीत नव्हतं. तो तोवर पुढच्या मुलाकडे वळला होता.

अशात कायदा आला.

शाळेत कुणी कुणाला छळायचं नाही, आणि छळलं तर शाळेने ते थांबवायचं, असा तो कायदा. आधीही हे होतंच, पण फळ्यावरच्या सुविचारात. आता त्याला कलमं लागली. प्रत्येक शाळेत एक छळ-प्रतिबंध अधिकारी, एक तक्रारपेटी, एक भित्तिपत्रक आणि वर्षाअखेर एक अहवाल.

आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांचं प्रत्येक वाक्य "आपण सर्वांनी मिळून" असं सुरू होतं आणि ते संपेपर्यंत काम एकाच माणसाच्या गळ्यात पडलेलं असतं. त्यांनी सभा घेतली. "आपण सर्वांनी मिळून एक अधिकारी निवडायचा आहे." गणिताच्या सरांचे पेपर तपासायचे होते. विज्ञानाच्या बाईंना प्रयोगशाळा होती. भाषेच्या सरांचं ब्लडप्रेशर तिथल्या तिथे वाढलं. मामा सभेला नव्हता. तो मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होता. गैरहजर माणूस नेहमीच एकमताने निवडून येतो.

त्याला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथून तो एक बिल्ला आणि एक पुस्तिका घेऊन आला, आणि मामाचं असं आहे की नियम हातात पडला की तो त्याला देवासारखा. ऑफसाइड म्हणजे ऑफसाइड, मग गोल स्वतःच्या भाचीचा का असेना. संध्याकाळी त्याने आम्हाला समोर बसवून पुस्तिका मोठ्याने वाचायला घेतली.

"छळ म्हणजे काय! एक, मारहाण. दोन, धमकी. तीन, एखाद्याच्या शरीराच्या ठेवणीवरून, सवयीवरून, व्यंगावरून टोपणनाव..." आणि शेजारच्या काकूंनाही ऐकू जाणारा तो आवाज एकदम आमच्याच खोलीपुरता झाला.

"वाच की पुढे," आई म्हणाली.

"घसा बसलाय, ताई."

"तुझा? तुझा घसा बसला तर गावात सुट्टी जाहीर करतील."

"टोपणनावाने काय होतं पण? मला नव्हते का म्हणत सगळे शाळेत, काडी, काडीपेटी, फुंकला की उडेल? मी केली का कधी तक्रार?"

"नाही केलीस," आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "तू क्रीडाशिक्षक झालास."

दुसऱ्या दिवसापासून मैदानाची वाट लागली. पुस्तिकेप्रमाणे टोपणनाव बंद, आणि खरं नाव एकही माहीत नाही. फुटबॉलचा सामना चालू, खांबाकडे चेंडू आलेला, आणि मामा रेषेवर धावत ओरडतोय, "पास दे! ए... तू! विद्यार्थी! विद्यार्थी, डावीकडच्या विद्यार्थ्याला पास दे!" बावीसच्या बावीस विद्यार्थी थांबले आणि डावीकडे बघायला लागले.

भित्तिपत्रक लागलं. त्यावर एक मुलगा रडतोय आणि बाकीचे त्याला बोट दाखवून हसतायत. पहिल्याच दिवशी मुलांनी त्या रडणाऱ्या मुलाचं नाव पाडलं. तक्रारपेटीही लागली, मोठ्या बाईंच्या दाराशेजारी, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये. "आपण सर्वांनी मिळून," बाई प्रार्थनेनंतर म्हणाल्या, "ही पेटी रिकामी ठेवायची आहे." मुलांनी ती मन लावून रिकामी ठेवली.

पेटीत काही पडलंच नाही. तक्रार आली ती दोन पायांवर चालत.

मामाला अधिकारी म्हणून खोली हवी होती, ती मिळाली नाही, म्हणून क्रीडासाहित्याच्या खोलीतच टेबल टाकलं होतं. हवा गेलेले चेंडू, गुंडाळलेल्या सतरंज्या, रबराचा वास. मधल्या सुट्टीत मी मामाचा विसरलेला डबा द्यायला गेले होते. दारात एक गृहस्थ उभे. बसचालकाचा गणवेश, टोपी काखेत. ते बोलत होते ते थांब्याथांब्याने, दोन वाक्यांमध्ये उतारू उतरू द्यावेत तसं.

"छळ-प्रतिबंध अधिकारी आपणच?"

"मीच," मामाने बिल्ला सरळ केला.

"माझी मुलगी आठवीत आहे. रोज सकाळी पोट दुखतं म्हणते. डॉक्टर म्हणतात, पोटात काही नाही. परवा आईजवळ बोलली. इथल्या क्रीडाशिक्षकाने तिला काही नाव ठेवलंय. त्यांच्याविरुद्ध तक्रार आहे."

मामाच्या गळ्यात शिट्टी होती. ती त्याने सावकाश, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, शर्टाच्या आत सोडली. मी बघत होते. बिल्ला बाहेर, शिट्टी आत.

"ते शिक्षक कुठे भेटतील?" गृहस्थांनी विचारलं.

"ते... असतात इथेच," मामा म्हणाला. "बोलावतो मी त्यांना. शुक्रवारी. शाळा सुटल्यावर."

"शुक्रवारीच बघा साहेब. दुसऱ्या शाळेत जागा मिळालीये. लांब आहे, दोन बस बदलाव्या लागतात. पण तिथे तिला कुणी ओळखत नाही. इथे काही झालं नाही तर शनिवारी नाव काढतो."

ते गेल्यावर मामा डब्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "पोपट... नाही. भाची. कोण गं ही मुलगी?"

मी घर्रर्र केलं नाही. नुसतं म्हटलं, "रोलरवाला आला नव्हता तो दिवस आठव." मग पोरं तिच्यामागे काय आवाज काढतात तेही सांगितलं.

मामाने लिहून दिलेली तक्रार मोठ्या बाईंनी वाचली आणि त्यांना मार्ग लगेच सुचला. "अहो, अधिकारी तुम्हीच आहात! 'तथ्य आढळले नाही.' तीन शब्द लिहा, सही करा. शून्य तक्रारींच्या शाळेला प्रमाणपत्र आहे या वर्षी."

"बाई, पुस्तिकेत लिहिलंय, अधिकाऱ्याने स्वतःचं प्रकरण ऐकू नये. दुसरं कुणीतरी द्या."

बाईंनी शिक्षकांच्या खोलीत डोकावून विचारलं. भाषेच्या सरांचं ब्लडप्रेशर पुन्हा वाढलं.

"मग?" बाई म्हणाल्या.

"मग मीच ऐकतो," मामा म्हणाला. "पण नीट ऐकतो."

शुक्रवारी सुनावणी झाली. बसचालक आले, सोबत ती मुलगी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मोठ्या बाई भिंतीशी, प्रमाणपत्राच्या काळजीने. मी साक्षीदार. त्या दिवशी मैदानावर सगळं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलेली आणि पाठ असलेली मीच.

मामाने समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. तो पहिल्या खुर्चीत बसला, बिल्ला लावून. "मी अधिकारी. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते क्रीडाशिक्षकही मीच." बसचालकांनी काखेतली टोपी गुडघ्यावर ठेवली. मामा पुढे म्हणाला, "नियमाप्रमाणे प्रश्न विचारले पाहिजेत, आणि उत्तरं दिली पाहिजेत. म्हणून मी दोन्हीकडे बसेन. चूक वाटलं तर सांगा."

"वळणं फार घेऊ नका," बसचालक म्हणाले. "बाकी चालेल."

मामाने विचारलं, "क्रीडाशिक्षक, आपण या विद्यार्थिनीला नाव ठेवलं का?" मग उठला, बिल्ला टेबलावर ठेवला, शिट्टी गळ्यात घातली, समोरच्या खुर्चीत बसला आणि मैदानी आवाजात म्हणाला, "गमतीत काहीतरी म्हटलं असेल! मुलंही हसतात! खेळीमेळीचं असतं सगळं!" पुन्हा उठला, शिट्टी काढली, बिल्ला लावला. "काहीतरी म्हणजे काय?" पुन्हा पलीकडे. "आता आठवत नाही!"

ती मुलगी ओढणी सोडून बघायला लागली होती. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"साक्षीदार," अधिकारी म्हणाला. "काय म्हटलं गेलं, जसंच्या तसं सांगा."

मी उभी राहिले. मामाचा आवाज मी हजार वेळा काढलाय. लग्नात, बसमध्ये, वर्गात, आणि दर वेळी माणसं पोट धरून हसली आहेत. ओठांच्या कोपऱ्यात शिट्टी धरली आणि म्हटलं, "रोलरवाला नाही आला तरी बिघडत नाही! हिने दोन चकरा मारल्या की मैदान सपाट!" छान जमलं होतं. शेवटी तो जो स्वतःशीच खूश होऊन 'हॅ' करतो, तोही केला.

कुणी हसलं नाही. बसचालक मुलीकडे बघत होते. नेमकं वाक्य त्यांनी आत्ताच ऐकलं होतं. तिने घरी अर्धंच सांगितलं होतं. मामा माझ्याकडे बघत होता, आणि मी काढलेला आवाज आपलाच आहे हे त्याला पटत नव्हतं असं दिसलं.

मग त्याने पुस्तिका उघडली. पुढचा प्रश्न छापील होता, अगदी साधा, कुठल्याही तक्रारीत विचारतात तो. त्याने वाचला. "क्रीडाशिक्षक, तक्रारदार विद्यार्थिनीचं नाव काय?"

उठला. बिल्ला ठेवला. शिट्टी घातली. पलीकडे बसला.

आणि बसूनच राहिला.

बाहेर कुणीतरी चेंडू भिंतीवर आपटत होतं. मामाने मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाईंनी छताकडे बघितलं. तीन वर्षं ही मुलगी त्याच्यासमोर पळत होती. त्याने तोंड उघडलं, आणि तिथे एकच नाव तयार होतं, ते गिळलं.

मुलीनेच सांगितलं. आधी तिचं, मग वडिलांचं, मग आडनाव, हजेरीला सांगतात तसं. तिचा आवाज शाळेत इतका मोठा मी पहिल्यांदाच ऐकला. ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना ते हवं असेल त्यांनी तिला विचारावं. विचारायला जमतं, हे आता सिद्ध झालं आहे.

मामा अधिकाऱ्याच्या खुर्चीत परत आला तेव्हा शिट्टी काढायची विसरला होता. बिल्ला आणि शिट्टी, दोन्ही अंगावर. "तक्रार खरी आहे," तो म्हणाला. "क्रीडाशिक्षकाने जिथे म्हटलं तिथेच माफी मागावी, मैदानावर, सगळ्यांसमोर. त्यानंतर या सत्रात त्यांनी मैदानावर पाय ठेवू नये. आणि रोलरचा तो आवाज जो काढेल त्याला माझ्याकडे आणावं."

"अहो, पण अहवालात एक तक्रार दिसेल!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"एकच झाली, बाई. एकच दिसेल."

बसचालक उठले, टोपी घातली. "काय करायचं गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"सोमवारी बघू," ती म्हणाली.

सोमवारी माफी झाली. मामाला माइकची गरज नव्हती तरी दिला होता, त्यामुळे पलीकडच्या चौकातल्या दुकानदारांनीही त्याला माफ केलं असेल. मैदान भाषेच्या सरांकडे गेलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांचं ब्लडप्रेशर उतरलं. वर्षाअखेर सगळ्या शाळांच्या अहवालांत शून्य होतं, आमच्याच एकीच्या अहवालात एक. त्यामुळे तपासणीचं पथक आमच्याकडेच आलं: बाकी कुठेच छळ नसताना तुमच्याच शाळेत कसा? मोठ्या बाईंनी त्यांना "आपण सर्वांनी मिळून" असं सुरू करून मामाकडे पाठवून दिलं.

मामाला सत्रभर फाटकावर उभं केलं होतं. तो येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारायचा आणि तोंडातल्या तोंडात घोकायचा. मुलं खोटी नावं सांगायची. झेरॉक्स तीन दिवस मूळ प्रतीच्या नावाने आत गेला. घर्रर्र एकदम थांबलं नाही. पण ज्याने केलं त्याला मामा फाटकावर स्वतःशेजारी उभा करायचा, आणि आत येणाऱ्या पाचशे मुलांची नावं विचारायला लावायचा. दोघांनी ते केलं. तिसरा कुणी सापडला नाही.

ती येत होती. सोमवारी आली, मंगळवारी आली, घंटेच्या आधी यायला लागली. आणि रोज सकाळी ती रस्त्याच्या वळणावर दिसली रे दिसली की मामा तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं मैदानी आवाजात पुकारायचा. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची की कुणाचा सत्कार आहे.

एक दिवस ती त्याच्यासमोर येऊन थांबली.

"सर, इतक्या मोठ्याने नका हो. सगळे बघतात. मी तक्रार करीन."

मामाचा चेहरा असा उजळला, की जणू कुणी हाफलाइनवरून गोल मारला. त्याने तिला हाताने पेटीची दिशा दाखवली.

"कर," तो म्हणाला, हळू बोलायचा प्रयत्न करत. "आणि पेटीत नको टाकूस, किल्ली बाईंकडे असते. माझ्याच हातात दे."