पहिली तलवार देवाची

नवापूरच्या स्टँडजवळ माझ्या मित्राचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की तो जुन्या कॉम्प्युटरवर त्याहून जुना गेम लावतो. ग्रीक देव, बैलाच्या तोंडाचे राक्षस आणि नुसती हाणामारी! प्रत्येक वाराला तो "हाण! हाण!" ओरडत खुर्चीसकट पुढे सरकतो, ते नाक स्क्रीनला टेकेपर्यंत.

डोंगरातल्या त्याच्या गावात नवं धान्य देवाला दिल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. गेममध्येही तेच. नव्या मुलखात सापडलेली पहिली वस्तू तो देवाच्या पुतळ्यापुढे ठेवतो आणि मागे न बघता पुढे जातो.

परवा पहिलीच वस्तू निघाली सोन्याची तलवार. तिच्यासाठी आम्ही दोघं किती दिवस झुरत होतो! मी त्याचा हातच धरला.

"पहिलं देवनं शे, भाऊ," म्हणत त्यानं ती पुतळ्याच्या पायरीवर ठेवली आणि गेम बंद केला.

दुसऱ्या दिवशी माझ्या हट्टाखातर त्यानं परत जाऊन पाहिलं. पायरी रिकामी!

"लिधी! देवनी लिधी!" देवानं तलवार घेतली म्हणून तो लग्नाच्या बँडपुढे नाचावं तसा नाचायला लागला.

खाली टाकलेलं सामान गेम बंद केला की पुसलं जातं, हे मी त्याला सांगणारच होतो. पण तोवर मीही नाचत होतो.