खालचा आकडा

मोठ्या सिस्टरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारत नसे. चौतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलेली बाई. जीभ तिखट, हात हलका. किती तरी नव्या डॉक्टरांना त्यांनी सुई धरायला शिकवलं होतं, आणि ते डॉक्टर मोठे झाल्यावर चारचौघांत तसं ऐकवायलाही त्या विसरत नसत.

त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, ठकीला, आठव्या महिन्यात रक्तदाब वाढल्याचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "सकाळ-संध्याकाळ मोजायचं आणि लिहायचं. वरचा आकडा दीडशेवर किंवा खालचा शंभरावर गेला, की त्याच दिवशी इकडे यायचं. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, बरगडीखाली दुखलं, तर आकडासुद्धा बघत बसायचं नाही. मोजायला एक यंत्र घ्या."

"यंत्र कशाला? मी काय मेले?" सिस्टर म्हणाल्या. सगळे हसले. त्याच दुपारी पिशवी भरून त्या लेकीच्या दोन खोल्यांत राहायला आल्या.

जावई घरांचे नकाशे काढायचा. भिंत बोटभर सरकली तर त्याला जेवण जात नसे. त्याने यंत्र आणलंच.

"जावईबापू, भिंती मोजा तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. "माणसं मी मोजते."

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. दोन वर्षांपासून त्यांचे कान गेले होते. अगदी ठार नव्हे, पण स्टेथोस्कोपच्या नळ्या कानात घातल्या तरी दंडातली ती बारीक टकटक आता पोचत नव्हती. पट्ट्यातली हवा सोडताना मनगटावर बोट ठेवलं, तर वरचा आकडा नाडीवरून कळतो. दहाएक कमी येतो, पण कळतो. खालचा कानांनीच घ्यावा लागतो, तिथे बोटांचं काही चालत नाही. सिस्टर नळ्या कानात घालायच्या, गंभीर चेहरा करायच्या, वरचा बोटाने घ्यायच्या, आणि खालचा लेकीच्या तोंडाकडे बघून लिहायच्या. चौऱ्याऐंशी. शहाऐंशी. एकदा बदल म्हणून ब्याऐंशी.

यात आपण लबाडी करतोय असं त्यांच्या मनालाही शिवलं नाही. इतक्या वर्षांत बाईचा चेहरा बघून दाब सांगावा आणि तो बरोबर निघावा, असं शेकडो वेळा झालं होतं. निदान त्यांना तसं आठवत होतं. चुकलेले अंदाज कोण आठवणीत ठेवतो?

दुसऱ्या दिवशी यंत्राने एकशे बावन्न आणि एकशे एक दाखवले.

"बॅटरी उतरली असेल."

जावयाने बॅटरी बदलली. एकशे चोपन्न, एकशे दोन.

"पट्टा सैल बांधलात."

"आई, एकदा डॉक्टरांना फोन करू का?"

"तू गप्प बस रे," ठकीच नवऱ्यावर करवादली. "आईने जन्मभर हेच केलंय. तुझं ते खेळणं ठेव बाजूला."

तो गप्प बसला. रोज सकाळी बायकोचा दाब यंत्रावर घ्यायचा, आकडा बघायचा, आणि गप्प बसायचा. चुकलं त्याचंही.

सहाव्या दिवशी सकाळी ठकी केस विंचरता विंचरता थांबली. "आई, कंगव्याचे दात नीट दिसत नाहीयेत गं. काजवे चमकतायत."

"काय?"

"काजवे!" ती ओरडली.

"आणि डोकं?"

"कालपासून ठणकतंय. तू म्हणालीस ना दाब बरा आहे, म्हणून बोलले नाही."

सिस्टरांनी पट्टा उचललासुद्धा नाही. "चपला घाल," म्हणाल्या. "जावईबापू, गाडी काढा. ते यंत्रही घ्या."

दवाखान्यात दाब एकशे अडुसष्ट आणि एकशे दहा भरला. तरुण डॉक्टर सिस्टरांच्याच हाताखाली शिकलेला. लगेच इंजेक्शन सांगून त्याने वही उघडली आणि त्याचा चेहरा सैल झाला.

"सिस्टरांची नोंद म्हणजे प्रश्नच नाही. पाच दिवस खालचा नव्वदीच्या आत आहे, म्हणजे हे आजच चढलंय. दाब उतरवू, रक्त तपासू, आणि उतरला तर थोडं थांबून बघू. बाळ तेवढंच भरेल."

ठकी पलंगावरून आईकडे बघत होती. डॉक्टरलाही बरं वाटत होतं. सिस्टरांनी आणखी दोन मिनिटं तोंड मिटून घेतलं असतं, तर सगळ्यांचंच बरं चाललं असतं.

"वही मिट," त्या म्हणाल्या. "खालचे आकडे खोटे आहेत."

"म्हणजे?"

"मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. वरचे बोटाने घेतलेत, त्यात दहा मिळव. खालचे माझ्या मनाचे. खरे ह्यांच्या यंत्रात आहेत, ते बघ."

जावयाने यंत्र पुढे केलं. डॉक्टर एकेक जुना आकडा काढून बघत गेला आणि कागदावर लिहीत गेला. ठकीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

रक्ताचे निकालही वाईटच आले. झटके येऊ नयेत म्हणून शिरेतून औषध सुरू झालं आणि दुपारीच पोट उघडावं लागलं. मुलगी झाली. एक किलो नऊशे. आईने बघायच्या आत तिला काचेच्या पेटीत नेलं. चार दिवस आधी गोळी वाढवली असती, तर टळलं असतं का, असं सिस्टरांनी डॉक्टरला विचारलं. "सांगता येत नाही," तो म्हणाला. त्यापेक्षा त्याने शिवी दिली असती तर त्यांना सोसली असती.

मूल झालं की दाब उतरला, असं समजून घरी निघालेल्या बायकांना सिस्टरांनी पुष्कळदा दटावून परत निजवलं होतं. पहिल्या आठवड्यात तो पुन्हा उसळतो. त्यामुळे ठकीच्या दंडाला दर चार तासांनी पट्टा लागत होता. तो लावायला येणारी पोरगी पंचविशीचीही नव्हती. ती आली की सिस्टर उठून बाहेर जायच्या.

तीन दिवस ठकी आईशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "बस."

"अं?"

"बस म्हणते! आम्ही सगळे तुझ्याशी ओरडून बोलायचो, आई. पण तुला ऐकू येत नाही, हे एकालाही म्हणवलं नाही."

सिस्टर पायथ्याशी बसल्या.

"तिला काही झालं असतं ना, तर मी तुला माफ केलं नसतं. अजून केलंय असंही नाही."

"इतक्यात करू नकोस."

"कान दाखव. कानांचा डॉक्टर याच इमारतीत खाली आहे."

"उद्या जाते."

"आज. दाखवल्याशिवाय ती तुझ्या हातात देणार नाही मी."

सिस्टर उठल्या, पदर सारखा केला आणि जिना उतरल्या. नोकरीच्या चौतीस वर्षांत या इमारतीत त्या कधी रांगेत उभ्या राहिल्या नव्हत्या. दार ढकलून आत जायच्या. आज त्यांनी नंबर घेतला. पुकारलेला नंबर आपल्याला ऐकू येणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. शेजारच्या म्हाताऱ्याला त्यांनी चिठ्ठी दाखवली.

"माझा आला की सांगा हो," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही."