नो ड्यूज फॉर्मची बारावी ओळ

पोलीस सेवेतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळल्यात. रिसेप्शनवरच्या जुन्या मोबाईलची केस मात्र स्पष्ट आठवते.

शिरवण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी. तिची सगळी ड्रॉइंग्ज क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेली. एका दुपारी ती बॅकअपसकट पुसली गेली. मालक पोलीस ठाण्यात आले ते संशयित ठरवूनच. त्यांच्या आयटी विभागाचा प्रमुख. काम त्याच्याच लॉगिनवरून झालं होतं. "आजच उचला त्याला," मालक म्हणाले.

गुन्हा नोंदवला, अटक केली नाही. डायरीत पाच प्रश्न लिहिले. त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, हा माझा नियम.

प्रमुख मूळचा साताऱ्याकडचा, पन्नाशीला आलेला, मुलगी बारावीला. जबाबात म्हणाला, "लॉगिन माझ्या नावाचं आहे साहेब, पण वापरतो अख्खा विभाग. प्रत्येकाला वेगळं द्या म्हणून तीनदा लिहून दिलंय. मला आत घातलंत तर या वयात दारात कोण उभं करणार?"

तिन्ही पत्रं खरी निघाली. पण पत्रं लिहिणाराही गुन्हा करू शकतो, म्हणून डायरीतला त्याच्याबद्दलचा प्रश्न खोडला नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे हवालदार कंपनीच्या गेटवर नाव लिहीत होते. वॉचमन त्यांना म्हणाला, "आत यायला एवढी लिहापढी. फोनवरून कोण आत येतो, ते कोण लिहितंय?" हवालदारांनी ते वाक्य जसंच्या तसं माझ्यापर्यंत आणलं.

लॉगिनला ओटीपी लागायचा आणि तो रिसेप्शनवरच्या मोबाईलवर यायचा. तिथे बोनकोड्याच्या एक ताई बसायच्या. त्या दुपारी ओटीपी कुणाला सांगितला, असं मी विचारलं.

"सरांना," त्या सहज म्हणाल्या. "आयटीतल्या आधीच्या सरांना. ते सोडून गेले, पन फोन चालूच हाय त्यांचा. काय अडलं तर आमचीच मानसं त्यांना फोन लावतात."

ते कधी सोडून गेले, हे विचारल्यावर त्यांनी बोटांवर मोजलं. आठ महिने. मग त्यांनी मोबाईल उलटा करून ठेवला.

फोनच्या नोंदी जुळल्या. क्लाउडच्या नोंदीतलं इंटरनेट कनेक्शन सानपाड्यातल्या, त्या माजी कर्मचाऱ्याच्या फ्लॅटचं निघालं. ठाण्यात तो तासभर नाही-नाही म्हणत होता. मी आवाज चढवला नाही. वेळा ओळीने वाचत गेलो.

"आठ महिने दर आठवड्याला फोन," तो अखेर म्हणाला. "सर, हे उघडत नाही. सर, ते कुठे ठेवलंय. सगळं सांगत राहिलो. मी मालकांकडे एकच कागद मागितला, अनुभवाचं पत्र. बघू, बघू. त्या पत्रावाचून नवी नोकरी गेली माझी."

"लॉगिन कुणाच्या नावाचं होतं, माहीत होतं ना?"

"होतं."

"मग तुरुंगात कोण गेलं असतं?"

पुसण्याआधी त्याने सगळ्याची प्रत काढून ठेवली होती. ती हार्ड डिस्क पंचांसमोर त्याच्या कपाटातून जप्त केली. त्याच्यावर अन्याय झाला असला तरी गुन्हा गुन्हाच होता. दोषारोपपत्रात मी काही सौम्य केलं नाही. प्रमुखाचं नाव संशयितांतून काढलं आणि तसं मालकांना लेखी कळवलं.

नंतर त्या माणसाने नोकरी सोडताना भरलेला नो ड्यूज फॉर्म मागवला. अकरा ओळी. ओळखपत्र, लॅपटॉप, लॉकरची किल्ली, कॅन्टीनची कुपनं. प्रत्येकीपुढे सही. लॉगिन बंद केल्याची किंवा पासवर्ड बदलल्याची ओळच नव्हती. मालकांना समोर बसवून बारावी ओळ त्यांच्याच हाताने लिहून घेतली.

माणूस गेला तरी त्याच्यावाचून आपलं अडतं, म्हणून आपण दार किलकिलं ठेवतो. त्या केसमध्ये मी हे शिकलो.

माझ्या निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळाची तयारी झाली होती. मी आधी संगणकाच्या टेबलाशी गेलो आणि माझं लॉगिन बंद केलं का, असं ऑपरेटरला विचारलं.

"राहू द्या ना साहेब," तो हसला. "उद्या काय अडलं तर तुम्हालाच फोन करणार आम्ही."

मी पासवर्ड टाकला. उघडलं. मग खुर्ची ओढून तिथेच बसलो. बाहेरून दोनदा बोलावणं आलं. वीस मिनिटांनी पुन्हा पासवर्ड टाकला. पडद्यावर प्रवेश नाकारल्याचं आलं, तेव्हा उठलो आणि शाल घ्यायला गेलो.