सुनीतीबाईंच्या वर्गात प्रश्न कोणी विचारायचे

समुद्रपूरच्या सुनीतीबाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण त्यांचा आवाज अजून नोकरीवरच आहे. बस स्टँडवर त्यांनी कंडक्टरला हाक मारली, की आजूबाजूचे चार माजी विद्यार्थी आपोआप सरळ उभे राहतात. एकतीस वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलं. आपल्याला शिकवता येणार नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय, अशी त्यांची खात्री होती. गुंजननं ती पहिल्याच दिवशी मोडली.

गुंजन सिंधहून आलेली. तिकडे राहणं अवघड झालं तेव्हा नवरा आणि सासू कमलाबाई यांच्यासोबत दोन पेट्या घेऊन ती निघाली आणि समुद्रपुरात कापडाचं दुकान असलेल्या चुलतसासऱ्यांच्या, भूपेंद्रशेठच्या आसऱ्याला आली. तिकडे ती दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसायची. वर्ध्याच्या एका खासगी दवाखान्यात तशीच जागा निघणार होती, पण इंग्रजी हवं होतं. नवऱ्याला अजून काम नव्हतं, आणि दुसऱ्याच्या घरी आयत्या ताटावर बसताना तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

म्हणून इंग्रजी शिकायला ती बाईंच्या घरी आली. बाईंनी तिला स्वयंपाकघरात खुर्ची दिली आणि नेहमीचा पहिला धडा काढला. नाव काय, वडिलांचं नाव काय, कुठे राहता, इथे कधी आलात. सगळं इंग्रजीत, खणखणीत. गुंजन ताडकन उभी राहिली. तिनं पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली आणि एकेक कागद ओट्यावर मांडला.

बाई आधी चिडल्याच. मग सोबत आलेल्या कमलाबाईंनी हिंदीत सांगितलं, की दोन वर्षं प्रत्येक कचेरीत हिला हेच प्रश्न विचारलेत. उत्तर चुकलं तर परत जावं लागेल, ही धास्ती हिच्या मनातून जात नाही.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चूक कवटाळून बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियमच उलटा केला: या वर्गात बाई एकही प्रश्न विचारणार नाहीत. गुंजननं विचारायचं, बाईंनी उत्तर द्यायचं.

सुरुवातीला गुंजननं भीतभीत विचारलं, आज भाजी कोणती. मग बाईंच्या गुडघेदुखीची चौकशी झाली. आणि एके दिवशी तिनं विचारलं, तुम्ही लग्न का केलं नाही? अख्ख्या समुद्रपुरात हे तोंडावर विचारायची कोणाची छाती नव्हती. बाईंनी कांदा चिरताचिरता इंग्रजीत खरं ते सांगितलं. वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटी भावंडं शिकायची, आणि वर्षं निघून गेली. सांगतासांगता त्या रडल्या, आणि कांद्यावर ढकललंही नाही. असा शिक्षक मी तरी दुसरा पाहिला नाही. त्या दिवसापासून गुंजनची जीभ सुटली.

चार महिन्यांनी मुलाखत आली. बाई सोबत गेल्या आणि बाहेर बाकड्यावर बसल्या. दार अर्धवट उघडं होतं. आत इंग्रजी झकास चाललं होतं. पण शेवटी साहेब म्हणाले, खिडकीवर खेड्यापाड्यांतले पेशंट येतात, त्यांच्याशी मराठीत बोलावं लागतं, ती तुम्हाला येत नाही, कळवतो. बाहेर बाईंनी कपाळावर हात मारला. चार महिने परकी भाषा घोटून घेतली, आणि नडली ती आपलीच!

पूर्वीची गुंजन मान खाली घालून उठली असती. ही जागची हलली नाही. तिनं शांतपणे इंग्रजीत विचारलं, "मराठी शिकायला मला किती दिवस द्याल?"

मग साहेबांचं उत्तर आलं: दीड महिना, तोवर रेकॉर्डच्या खोलीत काम करा.

ती बाहेर आली तेव्हा बाईंना कोण अभिमान वाटत होता. त्या भरात त्यांची शाळेतली शुद्ध भाषा सुटली. "आता इंग्रजी बस झालं, पोरी. आजपासून मले मराठीतच विचारजो."

गुंजन थांबली. सकाळी सातच्या एसटीनं निघालेल्या बाई दोन वाजेपर्यंत बाकड्यावरून उठल्या नव्हत्या. दुकानात गिऱ्हाइकांकडून कानावर पडलेले शब्द जुळवत ती म्हणाली, "बाई, तुमाले भूक लागली?"

शाळेत उपाशी आलेल्या कितीतरी पोरांना बाईंनी हा प्रश्न विचारला होता. त्यांना तो कधी कोणी विचारला नव्हता. "हो," त्या म्हणाल्या, आणि बाकड्यावरून उठल्या.